दोन पाण्याच्या साली

पहिलं पाणी फेकायचं.
दीनाआत्यांच्या चिठ्ठीतलं हे पहिलंच वाक्य,
खाली लाल शाईची रेघ.
अठ्ठावीस वर्षं मिशन दवाखान्यात नर्स होत्या,
म्हणून कृतीसुद्धा केसपेपरच्या पाठीवर:
साली एक किलो. साखर तेवढीच.
उकळणे, तीन वेळा. दर वेळी पाणी बदलणे.
मग सही, तारीख,
आणि बहुतेक हाताच्या सवयीनं
'उपाशीपोटी देऊ नये.'

जालन्यात मोसंबी विकत घेणारा माणूस
एकतर परगावचा असतो, नाहीतर आजारी.
मी शकूरभाईंच्या ज्यूसगाड्यावर गेले, स्टेशन रोडला.
मशीनखाली टोपलं भरून साली.
"शेळीच्या हायत त्या," ते म्हणाले, "तिला इचारून न्या."
शेळी चाकालाच बांधलेली.
विचारलं. ती चघळत राहिली.
शेवटी एक किलो मिळाल्या, फुकट,
नाताळला केकचा तुकडा पोचवायच्या बोलीवर.

आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो,
कधी रात्री अडीचला, कधी पावणेचारला,
आणि येण्याआधी खोकतो.
ज्यांच्याकडे तो रोज येतो
त्यांना 'पहिलं पाणी फेकायचं' हे वाक्य सोपं वाटत असेल.
मी सांडशी धरून मोरीपाशी उभी राहिले,
जणू कुणी म्हणालंय
मागच्या शनिवारचं जागरण ओतून दे.

ओतलं नाही.
पहिल्या पाण्यानं, पिवळ्या, जिभेला चटका देणाऱ्या,
कळशी घासली, मग ओटा,
मग उरलेल्यात फरशी पुसली.
दुसरं थोडं मवाळ. ते संडासच्या बादलीत.
तिसऱ्यासाठी बॅरलवर टिचकी मारली.
आतून ढब्ब आवाज आला, अगदी तळातला.
टँकरवाला फोनवर म्हणाला, "उद्या येऊ लागलो ना ताई."
त्याचा उद्या मला ठाऊक आहे.

म्हणून तिसरं पाणी झालंच नाही.
तशीच साखर घातली,
आच बारीक केली आणि बसून राहिले.
पाक आधी नुसता गोड वास देतो,
मग आवाज बदलतो त्याचा, बुडबुडे जाड होतात,
आणि पांढरट, रबरासारखी साल
कडेकडेनं उजेड आत घेऊ लागते.
चिमट्यात धरून एक खिडकीकडे केली,
पलीकडचा विजेचा खांब दिसला, मधाच्या रंगाचा.

दोन दिवस गच्चीत, जाळीखाली, थंडीच्या उन्हात.
खाटेच्या पायांना पाण्याच्या वाट्या लावायच्या असतात,
मुंग्यांसाठी.
पुन्हा पाणी!
मी खडूच्या रेघा ओढल्या.
मुंग्यांनी त्या वाचल्या, आणि ओलांडल्या.

बावीस तारखेला बेकरीच्या भट्टीबाहेर रांग.
कडेवर डबे घेतलेल्या आम्ही सगळ्याजणी,
डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या:
शिरसाठ, पारधे, लोंढे, पुन्हा शिरसाठ.
माझ्या केकवर सालींची चांदणी.
पाचवा पाय जरा आखूड पडला,
कारण तेवढी पट्टी नाथानं खाल्ली होती.
"मम्मी, कडू लागायलंय."
"नळाला विचार," मी म्हणाले.

आत्यांना आता दिसत नाही फारसं.
तळहातावर एक पट्टी ठेवली.
आधी हुंगली, मग बोटानं साखर चाचपली,
मग दातांच्या उरलेल्या बाजूनं
बराच वेळ चावत बसल्या.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.
"दोनच पाण्याची आहे," म्हणाल्या.
मी काही बोलले नाही.
"बहात्तर सालच्या साली," त्या म्हणाल्या,
"एकाच पाण्यातल्या होत्या.
वॉर्डात वाटल्या. कुणी तोंड वाकडं केलं नाही."
आणि हात पुढे केला, दुसरी मागायला.

शकूरभाईंचा तुकडा कागदात बांधून ठेवलाय.
चांदणीचा आखूड पाय त्यातच गेला.
शेळीला काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.